अंडं उकळत्या पाण्यातच सोडावं

अंडी गार पाण्यात घालावीत, पातेलं गॅसवर चढवावं आणि चांगली वीस मिनिटं खदखदू द्यावीत, हा सल्ला पुण्याच्या स्वयंपाकघरात जितक्या खात्रीने मिळतो तितक्याच खात्रीने लखनौच्याही. तो दोन्हीकडे चुकीचा आहे. पुण्यात अंडा करीच्या रश्शात ती चूक बुडून जाते. लखनौत नर्गिसी कोफ्ता करायला घेतला की उघडी पडते.

अवधी स्वयंपाकातला हा कोफ्ता म्हणजे अख्खं उकडलेलं अंडं आणि त्यावर खिमा व चणाडाळ शिजवून, वाटून चढवलेलं आवरण. तो तळायचा, मधोमध कापायचा आणि रश्शात मांडायचा. कापल्यावर नर्गिसच्या फुलासारखा पांढऱ्यात पिवळा गोल दिसावा, यासाठी तर सगळा खटाटोप. सोलताना टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके गेले असतील तर खिमा अंड्याला धरत नाही. बलकाभोवती हिरवट करडी कडा आली असेल तर फूल उरतच नाही. आणि या दोन्हींचा दोष अंडीवाल्याच्या माथी मारला जातो.

गार पाण्याच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं आधी घेऊ: उकळत्या पाण्यात अंडं तडकतं. हे खरं आहे. पण ते बहुतेक वेळा तडकतं ते वरून टाकल्यामुळे आणि पाणी धडाधड उकळत असताना अंडी पातेल्याच्या बुडावर आपटत राहिल्यामुळे. झाऱ्यावर ठेवून अलगद सोडलं आणि आच लगेच मंद केली, तर तडकणं फार कमी होतं. एखादं तडकलंच तर ते दुपारी मीठ-मिरी लावून खावं. त्या एकासाठी बाकीच्या साऱ्यांची सालं खरवडत बसणं मला पटत नाही.

आता गार पाण्याचा खरा दोष. त्यात वेळ मोजता येत नाही. लखनौत जानेवारीच्या सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंघोळीलाही नको वाटतं. मग ‘गॅस लावल्यापासून अमुक मिनिटं’ या मोजमापाला अर्थ काय? पाणी किती, पातेलं जाड की पातळ, शेगडी मोठी की लहान, सगळ्याने ते बदलतं. ‘उकळी आल्यापासून मोजा’ म्हणावं, तर उकळी येईपर्यंत अंडं किती शिजून गेलं ते कोण सांगणार? उकळत्या पाण्याचं मात्र पक्कं असतं. लखनौ समुद्रसपाटीपासून जेमतेम १२० मीटरवर. तिथे पाणी जानेवारीत आणि मेमध्ये शंभराला अर्धा अंश कमी असतानाच उकळतं. घड्याळ तिथूनच लावता येतं. (महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, ते ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणून तिथे थोडा वेळ जास्त द्यावा.)

सोलण्याचंही उत्तर तिथेच आहे. अंडं हळूहळू तापलं की पांढरं टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतं. एकदम आच लागली की ते झटकन आवळतं आणि पापुद्र्यापासून सुटतं.

‘ताजं अंडं ते उत्तम अंडं’ हा दुसरा आग्रह. पोच करायचं असेल तर मीही ताजंच मागेन. उकडायला नाही. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. टरफलाच्या छिद्रांतून तो दिवसागणिक निघून जातो, पांढरं अधिक अल्कलीधर्मी होतं आणि त्याची पापुद्र्यावरची पकड ढिली पडते. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेलं अंडं म्हणूनच सरळ सोललं जातं. गावठी अंडी मुद्दाम त्याच दिवशी आणून कोफ्त्याला वापरणारे स्वतःच अडचण ओढवून घेतात.

आणि ती वीस मिनिटं! ‘कच्चं राहण्यापेक्षा जास्त शिजलेलं बरं’ या भीतीपोटी ती आली आहेत. भीती गैर नाही, कच्च्या अंड्यातून साल्मोनेला पोटात जाऊ शकतो. पण बलक ६५ अंशांपुढे दाटू लागतो आणि ७० च्या आसपास घट्ट होतो. पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन ८० च्या थोडं वर बसतं. मध्यम अंड्याच्या गाभ्यापर्यंत ही उष्णता दहा-अकरा मिनिटांत पोचते. पुढची मिनिटं पांढरं रबरासारखं करतात, बलकाचा भुगा करतात, आणि पांढऱ्यातल्या गंधकाचा वायू बलकातल्या लोहाला भिडून ती हिरवट कडा उमटते. ती कडा विषारी नाही, अंडं नासल्याचीही खूण नाही. अंड्यावर नको तितका वेळ आच लावल्याची ती खूण आहे, आणि म्हणूनच ती टाळता येते.

पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर घालून सालं सुटत नाहीत. तडकलेल्या अंड्यातून बाहेर येणारं पांढरं मात्र लवकर गोठतं, तेवढ्यापुरतं घालायला हरकत नाही. सोड्याने फरक पडला तरी वास येतो.

तेव्हा करायचं ते असं. अंडी बुडून वर बोटभर पाणी राहील इतकं पाणी घ्या आणि त्याला खळखळून उकळी आणा. फ्रिजमधली अंडी झाऱ्याने सोडा, आच मंद करा, अकरा मिनिटं लावा. बाहेरची असतील तर दहा. वेळ होताच गार पाण्यात काढा, आणि पाणी कोमट झालं की बदला, कारण आतली ऊब काढली नाही तर अंडं शिजतच राहतं. मेमध्ये टाकीच्या पाण्यावर विसंबू नका, बर्फ घाला. मग रुंद टोकाकडून, जिथे हवेचा कप्पा असतो तिथून, पाण्यातच सोला. लगेच लागणार नसतील तर सालासकट फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा.

कोफ्त्यासाठी मात्र नऊ मिनिटांनीच काढा. मधोमध बलक किंचित मऊ असेल, तसाच असू द्या. अंडं फडक्यावर कोरडं करून मगच खिमा चढवा. पुढे ते तळलं जाणार आहे, गरम रश्शात बसणार आहे. राहिलेली कसर तिथे भरून निघते.