चिंध्यांचे दान की गोधडीचे?

नाताळचे वेध लागले की आपल्या धर्मग्रामांतून जुने कपडे गोळा करण्याची मोहीम निघते. ख्रिस्तमंदिराच्या व्हरांड्यात गाठोड्यांचा ढीग उभा राहतो, घरोघरची कपाटे मोकळी होतात आणि गरिबांसाठी काही केल्याचे समाधान आपल्या पदरी पडते. परंतु ती गाठोडी सोडून ज्यांना निवडावी लागतात, त्यांना एकदा विचारावे. बटणे तुटलेले सदरे, काखेत विरलेली पोलकी, डागाळलेल्या चादरी! यातले बरेचसे दान नसते. ती घरची साफसफाई असते. तिला दयाकृत्य म्हणणे हा दयेचाच अवमान आहे.

हा दोष एकट्या आपल्या समाजाचा नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुने कपडे इतके येऊन पडले की, त्यांचे ढीग रस्त्याकडेला लोळत राहिले. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने पुढे त्यांतले कपडे निवडून कामी लावले. सर्वस्व गमावलेल्या माणसाचा स्वाभिमान मात्र शाबूत असतो, हे देणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते.

मग जुने कापड फेकून द्यावे काय? मुळीच नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी या प्रश्नाचे उत्तर सुईदोऱ्याने देऊन ठेवले आहे. विरलेले लुगडे, जुने धोतर, पोलक्यांचे तुकडे एकावर एक अंथरून त्यांनी धावदोरा घातला आणि गोधडी सिद्ध केली. कुठे तिलाच वाकळ म्हटले. घरी बाळ जन्मले की त्याच्याखाली हीच मऊ गोधडी अंथरली गेली. माझे गाऱ्हाणे नेमके येथे आहे. आपल्या बाळाला गोधडी आणि परक्याच्या बाळाला चिंध्या, ही वाटणी आपण कोणत्या शुभवर्तमानात वाचली?

कोणी म्हणेल, गोधडी तरी चिंध्यांचीच ना? होय, कापड उरलेले असते. पण श्रम उरलेले नसतात. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडीवर इंचाइंचाच्या अंतराने उभा धावदोरा घालायचा, तर सुमारे ६० ओळी होतात, म्हणजे ४२० फुटांची शिवण! इतके टाके घालणारी स्त्री आपल्या आयुष्यातले दिवस देते. प्रेषितांच्या कृत्यांतील यापोची टबीथा आठवा. तिच्या मृत्यूनंतर विधवांनी रडत रडत पेत्राला दाखवली ती तिने स्वतः शिवलेली वस्त्रे. तिने टाकून दिलेली नव्हेत. संत मार्टिननेही भिकाऱ्याला दिला तो अंगावरच्याच झग्याचा अर्धा भाग.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. बाजारात तासाभरात शंभर ब्लँकेटे मिळतात, मग महिनाभर टाके कशाला घालायचे? भूकंप वा महापूर आला असता ब्लँकेटेच विकत घ्यावीत. तेथे विलंब हा अपराध ठरेल. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर थंडी दरवर्षी येते, सांगून येते. तिच्यासाठी पावसाळ्यापासून शिवावयास बसता येते. शिवाय ब्लँकेटांसाठी आपण वर्गणी देऊन मोकळे होतो. गोधडीसाठी एकत्र बसावे लागते. एका घरचे रेशीमकाठ आणि दुसऱ्या घरचे जाडेभरडे कापड ज्या गोधडीत शेजारी येते, ती शिवताना धर्मग्रामातील दोन टोकांच्या बायकाही शेजारी येतात. सामुदायिक गोधडीचे हे फळ लहान नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यात कॅथलिक कुटुंबेही आहेत. तेथील स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. कडेपासून सुरुवात करून फेर धरीत त्या मध्याकडे येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी कापडी फुले लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. फुलांनी ऊब वाढत नाही, तरीही ती हवीतच! गरिबीतही सौंदर्याचा हक्क न सोडणाऱ्या या भगिनींपुढे आपली गाठोडी किती केविलवाणी दिसतात!

तेव्हा आपल्या महिला मंडळांपुढे चार गोष्टी ठेवतो. सुती कापड निवडावे. नायलॉनचे घाम शोषत नाही. ते आधी स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे. ज्यांना द्यायचे त्यांना काय हवे, केवढे हवे, हे आधी विचारावे. त्यांच्यातील स्त्रियांना शिवावयास बोलावून योग्य मजुरीही द्यावी. आणि गोधडीवर दात्यांची नावे विणू नयेत, वाटताना छायाचित्रे काढू नयेत. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देण्याची प्रभूची आज्ञा कॅमेऱ्यालाही लागू आहे.

कसोटी एकच आहे. आज रात्री घरी पाहुणा आला, तर हे पांघरूण आपण निःसंकोचपणे त्याच्या अंगावर घालू काय? घालू, असे उत्तर आले तर ते दान. नाही आले, तर त्याची जागा फडताळात आहे, फरशी पुसण्याच्या कापडांत. प्रभूच्या वेदीपुढे नव्हे.