खानदानाच्या नावावर

यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं, हाती आलं त्याला भाव नाही, आणि अशात दिवाळी आली. त्यावर आतल्या पानांत सविस्तर लिहिलंय. अंकाचा विषय 'वारसा' आहे. गोदाकाठची देवळं, जुने वाडे, कीर्तनाची घराणी यांवरचे लेख वाचकांना आवडतीलच. पण वर्षभर एक वाक्य सलतंय, ते याच विषयात बसतं : "आमच्या खानदानातच आहे."

शाळेच्या गॅदरिंगला, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर हेच ऐकलं. पोराचं पोट सुटलंय, जिना चढताना धाप लागते. आजी म्हणते, खात्यापित्या घरचं लेकरू आहे, त्याचा आजाही असाच होता. विषय संपला.

आजीचं बोलणं अर्धं खरं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की माणसामाणसांच्या वजनात जो फरक असतो, त्याचा साधारण 40 ते 70 टक्के भाग आनुवंशिक असतो. क्वचित एखाद्या मुलाची, एकाच जनुकातल्या बिघाडामुळं, भूकच भागत नाही आणि पाच वर्षांच्या आतच वजन भराभर वाढतं. अशा लेकराला खादाड म्हणून हिणवू नका, बालरोगतज्ज्ञाकडे न्या. बाकीच्यांचं काय? वजनाशी जोडलेलं एफटीओ हे जनुक 2007 मध्ये गाजलं. त्याचा जोखमीचा प्रकार आई-वडील दोघांकडूनही आलेला प्रौढ माणूस इतरांपेक्षा सरासरी 3 किलोनं जड भरतो. तीनच किलो! आणि अंगमेहनत करणाऱ्या प्रौढांत तोही परिणाम कमी होतो.

उरलेलं अर्धं सत्य पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून तिथल्या गरोदर बायांचा आणि मग त्यांच्या लेकरांचा माग ठेवत आले. बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोंची. आपली बाळं स्नायूंनी, लांबीनं कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नाही. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. तीच पोरं अठरा वर्षांची झाली तेव्हा 37 टक्के मुलग्यांत आणि 18 टक्के मुलींत साखरेचं गणित बिघडलेलं होतं. बहुतेकांचं पोट सुटलेलंही नव्हतं. गरोदरपणी पालेभाजी, फळं, दूध जास्त खाणाऱ्या बायांची बाळं मात्र अंगानं बरी होती. म्हणजे पोरगं जनुकांसोबत आईच्या ताटातली उणीवही घेऊन येतं, आणि ती उणीव खानदानाची नसते. ती आपण वाढलेली असते.

नरकचतुर्दशीला पोराला उटणं लावताना मानेच्या मागं पाहा. तिथं काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसतो का? आया तो वजरीनं घासतात, पोरगं कळवळतं, पट्टा हटत नाही. तो मळ नाहीच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. घासू नका, साखर तपासून घ्या.

आता आपल्या जिल्ह्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणीतल्या 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 48 टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. जवळजवळ निम्म्या! जिंतूर असो की गंगाखेड, जिचं स्वतःचं अंग अजून भरायचंय, ती सोळाव्या-सतराव्या वर्षी पोटात दुसरा जीव वाढवते, आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते. तिचं बाळ दोन-सव्वादोन किलोंचं जन्मतं. मग त्याला गुटगुटीत करायला साखर-तूप, पुढं बिस्किटाचे पुडे. वीस वर्षांनी त्याला मधुमेह निघाला, की म्हणायचं खानदानी. आपल्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी दिली. ती या पोरींच्या भाकरीत पोचवायला कुणी झटलं का?

वाचकहो, दरवर्षी अंक घेता, पत्रं लिहिता, म्हणून हक्कानं सांगतो. घरातल्या पोरीला पहिल्या पंगतीत बसवा, तिच्या ताटात दूध आणि पालेभाजी वाढा. आणि तुमच्या गल्लीत, भावकीत अठराच्या आतल्या मुलीची सुपारी फुटणार असेल, तर 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा.