वत्सगुल्मच्या अमात्यावर प्रेम करण्यापूर्वी

१/१८
कथेचा साचा आता सर्वांना पाठ आहे. नोकरी करणारी एक तरुणी जुन्या लेण्यात पाय घसरून पडते आणि डोळे उघडते ती दीड हजार वर्षे मागे. समोर घोड्यावर एक देखणा सरदार. तो आधी संशय घेतो, मग थक्क होतो आणि शेवटी तिच्यासाठी राज्य सोडायला निघतो. हा धागा त्या सरदाराविषयी आहे. त्याची खरी कागदपत्रे वाशिमच्या भूमीत आणि परिसरात सापडतात. ती वाचल्यावर त्याच्यावर भाळणे तितके सोपे राहत नाही.

२/१८
हा साचा जगभर चालतो. ‘आउटलँडर’ या १९९१च्या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धातील परिचारिका १७४३च्या स्कॉटलंडमध्ये पोहोचते. ‘केट अँड लिओपोल्ड’ या २००१च्या चित्रपटात १८७६मधला ड्यूक आजच्या न्यूयॉर्कमध्ये येतो. २०१६च्या ‘मून लव्हर्स’ या कोरियन मालिकेची नायिका दहाव्या शतकातील राजपुत्रांमध्ये जाऊन पडते. देश बदलतो, पोशाख बदलतो. नायक मात्र नेहमी वरच्याच मजल्यावरचा असतो. काळ ओलांडून गेलेली नायिका कुंभाराच्या किंवा कोष्ट्याच्या प्रेमात क्वचितच पडते.

३/१८
मराठीत असा नायक हवा असेल तर वाशिमइतके योग्य गाव दुसरे नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. पारिजातकाच्या कथेवर त्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. काव्य आज उपलब्ध नाही, पण नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली आहे. ज्या घराण्याचा मूळपुरुषच रुसलेल्या सत्यभामेवर लिहितो, तिथे प्रेमकथेला जागा असणारच.

४/१८
नायकही तयार आहे. वराहदेव, हा याच शाखेतील सम्राट हरिषेणाचा सचिव. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले आणि बौद्ध संघाला अर्पण केले. तिथल्या शिलालेखात गवाक्ष, चित्रवीथी, पाण्याचे टाके, नागराजाचे मंदिर यांचा उल्लेख येतो. दानाचे पुण्य त्याने आईवडिलांसाठी वाहिले. कलासक्त, धर्मनिष्ठ, मातृपितृभक्त! कादंबरीकाराला आणखी काय हवे?

५/१८
अडचण इथेच सुरू होते. प्रशस्ती ही तिचा खर्च करणाऱ्याने स्वतःविषयी कोरवून घेतलेली असते. तीत औदार्य असते. त्या औदार्याची किंमत कोणी मोजली हे नसते. कालप्रवासाची प्रेमकथा नेमकी प्रशस्तीसारखी वागते. सरदाराची शाल, तलवार, संयम आणि नजर ती ठेवते. ज्या सत्तेमुळे तो सरदार ठरला ती सत्ता मात्र अलगद काढून टाकते. उरतो तो इतिहासातला माणूस नव्हे, जुन्या पोशाखातला आजचा सज्जन असतो.

६/१८
मग ती सत्ता कशी दिसत होती? १९३९मध्ये वाशिमला एक ताम्रपट सापडला. सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती दुसरा याने तो आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहून दिला. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. नांदीकड, म्हणजे आजच्या नांदेड परिसरातील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची त्यात नोंद आहे. दानापेक्षा महत्त्वाची आहे ती त्या गावाला मिळालेल्या सवलतींची यादी.

७/१८
यादी अशी : या गावात सैनिकांनी शिरू नये. गावाकडून सोने-धान्य घेऊ नये. फुले व दूध मागू नये. पाळीपाळीने बैल लावू नयेत. कातडी व कोळसा घेऊ नये. खाट आणि शिजवलेला भात मागू नये. ही यादी उलट्या बाजूने वाचावी लागते. एका गावाला खास आज्ञेने ज्या गोष्टींतून सोडवावे लागले, त्या गोष्टी इतर गावांना द्याव्या लागत होत्या. सूट कोरली गेली. नियम कोरण्याची गरजच नव्हती.

८/१८
खाट आणि भात या दोन शब्दांवर थोडे थांबायला हवे. सरकारी माणूस दौऱ्यावर आला की त्याची झोपण्याची आणि जेवणाची सोय गावाने करायची. भात शिजवणारे हात कोणाचे? पाणी आणणारे, दूध काढणारे, अंगण झाडणारे हात कोणाचे? ताम्रपट ते सांगत नाही. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका ग्रंथात मात्र उत्तर आहे, आणि ते कोणत्याही प्रेमकथेला हादरवणारे आहे.

९/१८
तो ग्रंथ वात्स्यायनाचे ‘कामसूत्र’. साधारणतः इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातला मानला जाणारा. त्याच्या पाचव्या अधिकरणात सत्ताधारी पुरुष परस्त्रियांना कसे वश करतात याचे वर्णन आहे. गावाचा मुख्य, राजाचा अधिकारी यांच्या बाबतीत तिथे एक थंड नोंद येते : अशा पुरुषांना ग्रामीण स्त्रिया केवळ शब्द टाकल्याने साध्य होतात. आर्जव नको, दूती नको, भेटवस्तू नको. एक शब्द पुरेसा.

१०/१८
शब्द पुरेसा का, हेही ग्रंथ पुढच्याच ओळींत सांगून जातो. हे संबंध कुठे घडतात याची तो जंत्री देतो : विष्टीची कामे, कोठारात धान्य भरणे, घरातली वस्तू आत-बाहेर नेणे, घराची डागडुजी, शेतातले काम, कापूस-लोकर-ताग घेणे, सूत जमा करणे. विष्टी म्हणजे वेठबिगार. जिथे ती स्त्री कामावर येण्यास नकार देऊ शकत नाही, तिथेच तो शब्द टाकला जातो. तिच्या होकाराला काय किंमत उरली?

११/१८
ही विष्टी विदर्भाला परकी नव्हती. वाकाटकांच्या पूर्वेकडील शाखेचा राजा प्रवरसेन दुसरा याच्या चम्मक ताम्रपटात दान दिलेल्या गावाला सर्व प्रकारच्या विष्टीतून मुक्त केल्याचे स्पष्ट लिहिले आहे. आणि कामसूत्राच्या त्याच अध्यायात देशोदेशीच्या राजांचे रिवाज मोजताना वत्सगुल्माचे नाव येते : तिथे अमात्यांच्या अंतःपुरातील स्त्रिया रात्री सेवेसाठी राजाकडे जातात. म्हणजे अमात्याची पत्नी झाल्यानेही सुटका नव्हती.

१२/१८
आक्षेप पहिला : कामसूत्रातील प्रादेशिक रिवाज ऐकीव आहेत, त्यावरून वाशिमच्या प्रत्येक अमात्याला दोषी कसे ठरवायचे? ठरवू नयेच. वराहदेवाने असे काही केल्याचा कोणताही पुरावा नाही. शिवाय तोच ग्रंथ राजाने परगृही शिरू नये असे बजावतो आणि तसे करताना मारल्या गेलेल्या राजांची उदाहरणे देतो. मुद्दा एका माणसाच्या चारित्र्याचा नव्हे. पुरुष भला निघो वा बुरा, स्त्रीच्या नकाराला आधार देणारी व्यवस्था तिथे नव्हती, हा मुद्दा आहे.

१३/१८
आक्षेप दुसरा : त्या काळात प्रभावतीगुप्ता होती ना? होती, आणि थोर होती. चंद्रगुप्त दुसऱ्याची कन्या, वाकाटक राजा रुद्रसेन दुसऱ्याची पत्नी, पतीच्या मृत्यूनंतर विदर्भाचा कारभार चालवणारी राज्ञी. तिने स्वतःच्या नावाने ताम्रपट दिले आणि त्यात माहेरचे धारण गोत्र मिरवले. पण तिच्यामागे गुप्त साम्राज्य उभे होते. लेण्यात पडलेल्या नायिकेमागे ना कुळ, ना गोत्र, ना साक्षीदार. तिला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘तू कोण?’ नसून ‘तू कोणाची?’ हा असेल.

१४/१८
आक्षेप तिसरा आणि सर्वांत लाडका : हे मनोरंजन आहे, इतके मनावर कशाला घ्यायचे? कारण पुष्कळ तरुण वाचक भूतकाळात पहिले पाऊल अशा कथांतूनच टाकतात. ‘पूर्वीचे पुरुष स्त्रीला मान द्यायचे’ हे वाक्य तिथून उचलले जाते आणि आजच्या मुलींना उपदेश म्हणून ऐकवले जाते. ज्या नकाराचा हक्क मिळवायला शतके लागली, तो हक्क दीड हजार वर्षांपूर्वीच्या सरदाराने आपणहून दिला असे दाखवणे म्हणजे तो मिळवणाऱ्या असंख्य स्त्रियांचे श्रेय त्याच्या खात्यात टाकणे होय.

१५/१८
म्हणून काय, अशा कथा लिहूच नयेत? अवश्य लिहाव्यात. फक्त सरदाराला त्याची सत्ता परत द्यावी. नायिकेने त्याच्या वाड्यात पाऊल टाकले की तिला कोठारात रांगेने उभ्या असलेल्या बायका दिसाव्यात. तिच्या पुढ्यात आलेला भात कोणी शिजवला हे तिने विचारावे. तिने एकदा ठाम नकार द्यावा आणि मग काय घडते ते लेखकाने प्रामाणिकपणे लिहावे. या कसोटीनंतरही प्रेम उरले, तर ते वाचण्यासारखे असेल.

१६/१८
किंवा नायक बदलावा. वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा येथे देवसेन राजाच्या काळातील शिलालेख आहे, शके ३८०चा, म्हणजे इसवी सन ४५८च्या सुमाराचा. स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचे जलाशय बांधवल्याची ती नोंद. अधिकाऱ्याचे नाव उरले. माती उपसणाऱ्यांचे एकही नाव उरले नाही. कालप्रवास खरोखर शक्य असता, तर इतिहासप्रेमीने आधी कोणाला भेटावे? ज्याचे नाव दगडावर आहे त्याला, की ज्याचे कुठेच नाही त्याला?

१७/१८
आणि वत्सगुल्माला प्रेमकथा उसनी आणायची गरजही नाही. इसवी सन ९००च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तीत सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो आणि पार्वतीने निर्माण केलेली साहित्यविद्यावधू त्याच्यामागे देशोदेशी फिरते. प्रत्येक प्रांतात तिचा वेश, नृत्य, बोलणे बदलते आणि तिथल्या स्त्रिया ते उचलतात. विदर्भात तो पूर्णपणे तिचा होतो. विवाह होतो तो वत्सगुल्म नगरात, गांधर्व पद्धतीने. तिचा जन्मही एका पुरुषाला आवरण्यासाठीच झाला, हे खरे. तरी या कथेत वाटचाल तिची आहे, आणि प्रांतोप्रांती रीती घडतात त्या तिच्यामुळे.

१८/१८
ही कथा लिहिणाऱ्या राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी स्वतः विदुषी होती. आपल्या शास्त्रग्रंथात तो तिची मते नाव घेऊन नोंदवतो. ‘कर्पूरमंजरी’ हे त्याचे प्राकृत नाटक तिच्या इच्छेवरून रंगमंचावर आले. पत्नीच्या मताला ग्रंथात जागा देणारा पुरुष त्या जुन्या जगातही होता, आणि तो शोधायला कल्पित सरदाराची गरज पडत नाही. ‘साहित्य’ या शब्दाचा अर्थच सहितपणा, सोबत असणे. ज्या प्रेमात एकाला शब्द टाकता येतो आणि दुसरीला तो परतवता येत नाही, तिथे सोबत नसते. वत्सगुल्मची पुढची प्रेमकथा लिहिणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.