रानडुकराची शिकार आणि पिकाची राखण

रानडुकरांची शिकार कायद्याने साफ बंद केली आणि म्हणूनच शेती उजाड झाली, असे मानणारा पक्ष कोकणापासून विदर्भापर्यंत आढळतो. हाका, वाघर, ठासणीची बंदूक ही जुनी साधने मोकळी करा, अशी त्याची मागणी असते. नुकसान खरे आहे. भुईमुगात किंवा मक्यात एका रात्री कळप शिरला तरी कित्येक घरांचा हंगाम हातचा जातो. मागणीचा पाया मात्र कच्चा आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई केली, पण वाट बंद केली नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्यातील प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने शिकारीला परवानगी देऊ शकतो, असे कलम ११ सांगते. अडचण असते ती हा आदेश पीक उभे असेपर्यंत हाती न पडण्याची.

जुनी शिकार पिके राखत होती, हा दावाही टिकत नाही. हाका दिवसा रानात घालतात. डुक्कर पीक खाते ते रात्री, शेतात. हाकाऱ्यांच्या आरोळ्यांनी उठणारे भेकर कणसे खाणारे नसले, तरी बंदुकीसमोर येतेच. शिवाय शिकाऱ्याची नजर सुळेवाल्या मोठ्या नरावर असते. इंग्रजी अमदानीत घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारण्याच्या खेळात मादीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. पुढच्या वर्षी खेळायला डुकरे उरावीत, हा त्यामागचा हिशेब. शेतकऱ्याची गरज नेमकी उलटी आहे. माद्या आणि पिल्ले कळपाने फिरतात, सुमारे चार महिन्यांच्या गाभणकाळानंतर मादीला बहुधा चार ते सहा पिल्ले होतात. एखादा एकटा नर मारल्याने ही वाढ थांबत नाही.

परंपरेच्या नावाखाली गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेला वीजप्रवाह यांचीही वकिली होते. ती तर सरळ फेटाळलीच पाहिजे. २०२० मध्ये केरळात स्फोटके भरलेले फळ खाऊन गाभण हत्तीण मेली. अशी फळे तिथे रानडुकरांसाठी ठेवली जातात. तारेला चिकटून तर माणसेही मरतात.

जपण्याजोगी परंपरा राखणीची आहे: पिकाच्या ऐन दिवसांत माळ्यावर पाळीपाळीने जागणे, डबे वाजवणे, बांधाला दगडी गडगा घालणे, गडगा जमत नसेल तिथे खोल चर खणणे. हे एकट्याच्या शेतात फारसे साधत नाही, सगळ्या शिवाराने एकत्र केले तर साधते. त्यानेही कळप हटला नाही, तर परवानाधारक, सराव असलेल्या नेमबाजाने लेखी आदेशानुसार त्याच शेतात, उंच माळ्यावरून, गोळी जमिनीकडेच जाईल अशा बेताने बार टाकावा. मारलेले डुक्कर कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता ठरते, तेव्हा मांसाच्या वाट्यासाठी माणसे जमवण्याचे कारणच उरत नाही. आदेशाची मुदत पेरणीपासून काढणीपर्यंतची असावी आणि अर्जाचा निकाल काही दिवसांत लागावा.