विश्लेषण : बंदूक नसली तरी ‘सायलेन्सर’ बाळगणे गुन्हा कसा?

वणी-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षमण्यांत साखर भरू लागली की पाखरांचे थवे बागांवर उतरतात. त्यांना हुसकावण्यासाठी मोबाइलवर एअरगनचा शोध सुरू होतो आणि त्याच शोधात ‘सायलेन्सर’ किंवा ‘सप्रेसर’ नावाची नळीही समोर येते. .२२ रायफलसाठी सप्रेसर कोणता निवडावा, तो साफ कसा करावा, हे परदेशी व्हिडिओंमध्ये घरगुती उपकरणासारखे समजावलेले असते. भारतात मात्र ही नळी कायद्याच्या नजरेत साधा सुटा भाग नाही, तर ‘अग्निशस्त्र’ आहे. ती मागवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर थेट तुरुंगाची वेळ येऊ शकते.

सप्रेसर नेमके काय करतो?

गोळी सुटते तेव्हा तिच्यामागून जळलेल्या दारूचा तप्त, प्रचंड दाबाचा वायू बाहेर पडतो. तो एकदम मोकळ्या हवेत आला की धडाका होतो. नळीच्या तोंडाशी बसवलेल्या सप्रेसरमध्ये एकामागोमाग एक आडपडदे असतात, त्यांना ‘बॅफल’ म्हणतात. त्यांच्यात वायू अडतो, पसरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरचे तत्त्वही हेच. अमेरिकी अभियंता हायरम पर्सी मॅक्सिम याला १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. त्याने वाहनांच्या सायलेन्सरवरही काम केले होते.

चित्रपटातल्यासारखा केवळ ‘फुस्स’ आवाज प्रत्यक्षात क्वचितच येतो. .२२ रायफलचा आवाज साधारण १४० डेसिबलच्या आसपास असतो. चांगला सप्रेसर तो ११५ ते १२० पर्यंत उतरवतो. डेसिबलची मोजपट्टी सरळ चालत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट बदलते, म्हणजे २५ डेसिबलची घट ही तीनशेपटींहून अधिक असते. तरीही ११५ डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा वेगाने गेली, तर हवेत वेगळा कडाका होतो. त्यावर सप्रेसरचा काही इलाज नाही.

‘रिमफायर’साठी तो वेगळा का लागतो?

.२२ च्या काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या कडेत, म्हणजे ‘रिम’मध्ये भरलेले असते, म्हणून ते रिमफायर. त्याची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि तिला मेणाचा किंवा ग्रीसचा लेप असतो. प्रत्येक गोळीमागे शिशाचे कण, मेण आणि काजळी सप्रेसरच्या आत चिकटते. मोठ्या रायफलींमध्ये गोळीवर तांब्याचे आवरण असते, दाब आणि उष्णताही जास्त असते, त्यामुळे आत इतका थर साचत नाही. रिमफायरमध्ये काहीशे गोळ्यांनंतर हा थर जाणवू लागतो. दुर्लक्ष केले तर आडपडदे एकमेकांत घट्ट बसतात आणि सप्रेसर उघडतच नाही.

म्हणूनच जिथे परवानगी आहे त्या देशांत निवडीचा पहिला निकष असतो, नळी पूर्ण उघडता येते का? दुसरा निकष धातूचा. अॅल्युमिनियम हलके आणि स्वस्त, पण तीव्र रसायनांनी खराब होणारे. स्टेनलेस स्टील टिकाऊ, पण जड. टायटॅनियम हलके आणि मजबूत, पण महाग.

साफसफाईतला धोका कोणता?

खरा धोका शिशाचा. घासताना उडणारी शिशाची पूड श्वासातून किंवा हाताला लागून पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. हे काम स्वयंपाकघरात किंवा घरातल्या बेसिनमध्ये करायचे नाही, हातमोजे घालायचे आणि कोरडे घासण्याऐवजी भाग ओले ठेवायचे, हा परदेशातला साधा दंडक. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात भाग बुडवून ठेवण्याचा ‘सोपा उपाय’ समाजमाध्यमांवर फिरतो, तो सर्वांत घातक. त्यातून लेड अॅसिटेट तयार होते. हे विष पाण्यात विरघळते, त्यामुळे शरीरात सहज भिनते आणि मोरीत ओतले तर पुढे पाण्यातही जाते.

भारतातील कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्रा’ची व्याख्या आहे. गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेली साधने त्या व्याख्येतच सामावलेली आहेत. म्हणजे बंदूक नसताना नुसती नळी सापडली, तरी ते अग्निशस्त्रच. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीतही या साधनांचा समावेश प्रतिबंधित शस्त्रांसोबत पहिल्या गटात आहे. सामान्य नागरिकाला त्यांचा परवाना मिळण्याची वाट जवळजवळ बंद आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वाढल्या. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन ते कमाल पाच वर्षे, तर प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान सात ते कमाल चौदा वर्षे कैद होऊ शकते. कोणते कलम लागते हे प्रकरणागणिक ठरेल. पण ‘ऑनलाइन विकत मिळत होते’ हा बचाव यापैकी कशातही टिकणारा नाही.

कायदा इतका कडक असण्यामागचे तर्क उघड आहेत. गोळीचा आवाज हा शेजाऱ्यांना इशारा असतो आणि वनरक्षकाला शिकाऱ्याचा माग देतो. दुसरी बाजूही आहे. फिनलंड, नॉर्वेसारख्या देशांत शिकाऱ्याचे कान आणि वस्तीची शांतता जपणारे साधन म्हणून सप्रेसरकडे पाहिले जाते. अमेरिकेत १९३४ पासून त्यावर २०० डॉलर कर होता. जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला, पण सरकारी नोंदणीची अट कायम आहे.

एअरगनवर लावला तर चालतो का?

इथेच गफलत होते. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवान्यातून सूट आहे. पण कायद्यातील अग्निशस्त्राची व्याख्या फक्त दारूच्या स्फोटापुरती नाही. ‘इतर प्रकारच्या ऊर्जे’ने गोळी फेकणारी शस्त्रेही तिच्यात येतात. सूट बंदुकीला आहे. तिच्यावरच्या सायलेन्सरलाही ती आपोआप मिळते, असे धरून चालणे धोक्याचे.

मग नेमबाज कान कसे वाचवतात?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले, ते .२२ रिमफायर रायफलनेच. त्याच्या जडणघडणीत नाशिकचाही वाटा आहे. अशा रायफलच्या टोकाला लांब नळी दिसते, म्हणून अनेकांना तो सायलेन्सर वाटतो. ती असते एक्सटेन्शन ट्यूब. आत आडपडदे नसतात. पुढची माशी डोळ्यापासून लांब नेऊन नेम अचूक करणे, एवढेच तिचे काम.

नेमबाज कान वाचवतात ते इअरप्लग आणि इअरमफने. नीट बसलेला मफ २० ते ३० डेसिबल आवाज अडवू शकतो. म्हणजे नेमबाजाच्या कानापुरता तो सप्रेसरइतकाच उपयोगी, आणि त्याला कोणताही परवाना लागत नाही. बंदिस्त रेंजवर आवाज भिंतींवरून परततो, तिथे दोन्ही एकत्र वापरणे शहाणपणाचे. सरावानंतर साबणाने हात धुणे आणि रेंजवर काही न खाणे हा शिशापासूनचा बचाव. .२२ शिकण्याची कायदेशीर वाटही आहे. मान्यताप्राप्त क्लब किंवा रायफल असोसिएशनच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी या रायफलचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे.

बागायतदारांपुढे पर्याय काय?

पाखरांसाठी जाळी आणि चमकणाऱ्या पट्ट्या हेच खात्रीचे आणि बिनधोक उपाय. जाळीचा खर्च मोठा असतो, पण ती अनेक हंगाम टिकते. पाइपच्या कार्बाइड गनपासून लांब राहणे बरे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिने अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा केली. पोपटासारखे पक्षी आणि रानडुक्कर यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीही आधी वन विभागाची लेखी परवानगी लागते, बिबट्याचे नियम तर आणखी कडक.

पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद शस्त्र कायद्यात आहे. वणीसारख्या ग्रामीण भागात त्यासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. या वाटेला वेळ लागतो, कागदपत्रे लागतात. पण आवाज दाबणारी नळी या वाटेवरही कुठे येत नाही. पार्सल दारात येण्याआधी एवढे लक्षात घेतलेले बरे.