धडकेची किंमत

व्हिडिओ गेममधली गाडी कठड्यावर आदळली, तर तिला पोचा यायलाच हवा का?

१९९७ साली जपानमध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या ‘ग्रान टुरिस्मो’त गाड्या अगदी खऱ्यासारख्या होत्या. मोठ्या शर्यतींसाठी आधी लायसन्सची परीक्षाही द्यावी लागे! पण कितीही जोरात धडक बसली तरी गाडीवर साधा ओरखडा उमटत नसे. मग वळणावर ब्रेक कशाला लावायचा? बरेच खेळाडू शेजारच्या गाडीला नाहीतर कठड्याला टेकूनच वळण घेऊ लागले. चूकच फायद्याची ठरली.

१९९८ च्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ या ब्रिटिश खेळाची तऱ्हा वेगळी. तिथे ठोकर बसली की गाडीत बिघाड होई आणि टप्प्यांच्या मधे दुरुस्तीला मोजकाच वेळ मिळे. काय दुरुस्त करायचे आणि काय तसेच रेटायचे, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे. त्यामुळे पुढच्या वळणावर पाय आपोआप ब्रेककडे जाई.

‘ग्रान टुरिस्मो’नेही २०१० च्या पाचव्या भागात पोचे दाखवायला सुरुवात केली. पण चेपलेला पत्रा ही नुसती शोभा. खरा प्रश्न एवढाच, की धडकेची किंमत मोजावी लागते का? ती मोजावी लागली, तरच खेळणारा गाडी जपून चालवतो.