तपासणी अर्धापुरातच हवी

'एचआयव्हीची तपासणी इथं अर्धापुरात नको, नांदेडला पाठवा.' या म्हणण्यामागे दोन कारणं दिली जातात. हा आजार मोठ्या डॉक्टरांचा, आणि गावच्या दवाखान्यात गोष्ट झाकून राहत नाही.

पहिलं कारण कधीकाळी खरं होतं. १ एप्रिल २००४ रोजी सरकारनं मोफत औषधं सुरू केली, तेव्हा ती देशातल्या मोजक्याच सरकारी रुग्णालयांत मिळत. पुढेही रक्तातल्या सीडी४ पेशी ठरावीक आकड्याखाली घसरेपर्यंत रुग्णानं थांबायचं. २०१७ पासून निदान झालं की उपचार, हे धोरण आहे. बहुतेक प्रौढांना डोल्युटेग्रावीर असलेली रोजची एक गोळी पुरते. पहिल्या चाचणीला बोटाच्या टोकाचं थेंबभर रक्त लागतं, उत्तर अर्ध्या तासात येतं. साखर तपासणारी सिस्टर हेही करू शकते. संशय आला, तरच पक्क्या निदानासाठी पुढच्या केंद्रात धाडायचं.

दुसरं कारण मात्र झटकून टाकता येत नाही. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी 'सेवालय' उभं केलं, तेव्हा या मुलांना गावच्या शाळेत बसू देण्यालाही विरोध झाला. भीती खरी आहे.

पण लांब पाठवल्यानं ती कमी होते का? केळीच्या बागेत रोजानं राबणाऱ्या बाईला नांदेड गाठायचं, तर मजुरी बुडते आणि 'तिकडं कशाला?' या प्रश्नाला घरी उत्तर द्यावं लागतं. गावच्या दवाखान्यात माणूस तापासाठीही जातो, बीपीसाठीही. तिथं कुणी विचारत नाही. बोभाटा होतो तो टेबलावर उघड्या पडलेल्या रजिस्टरानं, केसपेपरवरच्या खुणेनं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्स कायदा संमतीविना चाचणीला आणि माहिती फोडण्याला मनाई करतो. म्हणून 'विचारायचं कशाला, सगळ्यांची गुपचूप करून टाका' हा उलट टोकाचा सल्लाही चूकच.

उपचार नसतील, तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. वेळेवर औषधं मिळाली, तर ते पाचाच्या खाली येतं. म्हणून गरोदर बाईची तपासणी होते, नवरा मात्र सुटतो. तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघण्याआधी त्यालाही शेजारच्या खोलीत बोलावावं, दार लावून समजावून सांगावं, आणि त्याची संमती घेऊनच बोटाला सुई लावावी.